त्रास मंजूर

आमच्या घरात टोमण्यांचं वेळापत्रक होतं. खरंच होतं, मी काही वाढवून सांगत नाहीये. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत सकाळच्या चहाला आत्या, दुपारच्या जेवणाला पप्पा आणि संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी पुन्हा आत्या. पप्पांना टोमणे जमायचे नाहीत. ते नुसतं "आमटीत मीठ कमी आहे" म्हणायचे आणि स्वतःच ओशाळून आमटी ओरपायचे. आत्याला मात्र शिकवावं लागलं नाही.

टोमणे कुणाला? माझ्या मम्मीला. कशासाठी? तर तिला बरं वाटावं म्हणून.

हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. पण ते खरं आहे, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

माझी मम्मी म्हणजे स्नेहल चौगुले. जयसिंगपूरपासून सांगलीपर्यंत कुठल्याही हॉलमध्ये बारसं, डोहाळजेवण, लग्नाची पन्नाशी असं काही असलं की बायकांचे खेळ घ्यायला हिलाच बोलवायचे. हातात माइक आला की मम्मी दुसरीच कुणीतरी व्हायची. कोपऱ्यात बसलेल्या, नवऱ्याला भिणाऱ्या, पदर ओठात धरणाऱ्या बायकांना ती दोन मिनिटांत उखाणे घ्यायला लावायची. पन्नाशीच्या एका कार्यक्रमात ती अशीच म्हणाली, "या, आणखी या, वर या, जागा भरपूर आहे!" सगळ्या वर आल्या आणि स्टेज बसलं. फळ्या कुजक्या निघाल्या. चूक मांडववाल्याची होती, पोलिसांनीही तसंच लिहिलं. पण एका मावशींच्या पायात आता सळई आहे आणि मम्मीच्या मते ती सळई तिनंच घातलीये.

आधी माइक धरला की तिचे हात कापायचे. मग फोन वाजला की. मग दाराची बेल वाजली तरी.

उपचार सुरू करायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं की बोलणाऱ्या डॉक्टरकडे? बोलणाऱ्या बाई गोळ्या देतात का? एकदा गेलं की किती दिवस जायचं? यातला एकही प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट ठरवली, ती म्हणजे बाहेर कळू द्यायचं नाही. म्हणून गल्लीत सांगितलं की स्नेहल दर गुरुवारी सांगलीला दाताच्या डॉक्टरकडे जाते. शेजारच्या कुंभोजे काकू दोन महिन्यांनी मला म्हणाल्या, "ओजू, तुझ्या आईच्या तोंडात अजून काही शिल्लक आहे का गं?"

पप्पांच्या नोकरीत 'मनछाया' नावाचा विमा होता. त्यातून सांगलीच्या मुल्लामॅडम मिळाल्या, बोलणाऱ्या डॉक्टर. पैसे सगळे विम्याची कंपनी देणार होती, आम्ही फक्त मम्मीच्या कानामागे टिकली चिकटवायची.

ही टिकली कपाळावरची नव्हे. हरभऱ्याच्या डाळीएवढी, कातडीच्या रंगाची, आणि खालून केसापेक्षा बारीक सुयांची. आपण घाबरलो, दुःखी झालो की मेंदू मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींना निरोप धाडतो आणि त्या रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. त्याचा अंश घामातही उतरतो. टिकली तो घाम चाखते, म्हणजे अक्षरशः दिवसभर चाटत बसते, शी! सोबत कातडीचा ओलावा मोजते, नाडीतले बारीक हेलकावे मोजते आणि या सगळ्याची गोळाबेरीज करून शून्य ते शंभरमधला एक आकडा पाठवते. त्याला म्हणतात त्रासांक. टिकली मम्मीच्या कानामागे आणि आकडा मात्र पप्पांच्या फोनवर, कारण विमा त्यांच्या नावावर. मम्मीनं स्वतःचा आकडा कधी पाहिलाच नव्हता.

आमच्या विज्ञानाच्या कांबळे सरांना मी वर्गात उभी राहून विचारलं होतं, की माणूस दुःखी आहे का नुसता गणिताच्या पेपरला घाबरलाय, हे टिकलीला कसं कळतं? (पूर्वी मी वर्गात हातसुद्धा वर करायची नाही. दहावीत आल्यापासून काय झालंय कुणास ठाऊक, आता मला कुणी बसवूच शकत नाही.) सर म्हणाले, "नाही कळत. ती धूर मोजते. आग कशाला लागलीये ते तिला दिसत नाही."

आणि आता कंपनीचा नियम ऐका. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांची सरासरी पन्नासच्या वर असली, तर रुग्णाला त्रास आहे, पुढच्या महिन्याचे उपचार मंजूर. पन्नासच्या खाली गेली, तर रुग्ण बरा झाला, उपचार बंद. म्हणजे पायाचं प्लास्टर घट्ट बसलंय, आता हाड हलत नाही, तेव्हा काढा प्लास्टर! ज्यानं हा नियम लिहिला तो रात्री जेवतो कसा, मला खरंच कळत नाही.

मुल्लामॅडम तर चांगल्याच निघाल्या. तिसऱ्या महिन्यात मम्मी स्वतः उठून दार उघडायला लागली. दूधवाल्याशी दोन शब्द बोलली. आणि महिनाअखेरीला पप्पा फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आले, तेव्हा त्यांचा चेहरा कुणी गेल्यासारखा होता.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले.

मम्मी न्हाणीघरात होती. मी म्हणाले, "अरे वा! मस्त!"

"मस्त काय? पन्नासच्या आत आलाय. परवापर्यंत वर नाही गेला तर सगळं बंद. मॅडमनी अजून सहा महिने तरी सांगितलेत."

आत्या शेंगा सोलत बसली होती. वैशाली आत्या, पप्पांची थोरली बहीण. आमच्याच गल्लीत राहते, आणि आमच्याच स्वयंपाकघरात बसते. घरात तिला सगळे अक्का म्हणतात. ती म्हणाली, "आकडा वरच न्यायचाय नव्हं? त्यात काय अवघड हाय? माझ्यावर सोड."

मम्मी केस पुसत बाहेर आली. आत्या शेंगांवरची नजरही न काढता म्हणाली, "स्नेहल, बरं दिसतंय की आज. माणसांचं पाय मोडून सुद्धा काही जणांच्या तोंडावर तेज येतंय बघ."

मम्मी जागच्या जागी थांबली. तिचा टॉवेल हळूच खाली आला.

पप्पांनी फोन पाहिला. पुटपुटले, "त्रेपन्न."

मग हेच सुरू झालं. आत्या एक टोमणा टाकायची आणि दाराआडून पप्पा आकडा सांगायचे. सत्तावन्न. एकसष्ट. जणू मॅचच चालू आहे. एकदा आत्यानं विचारलंसुद्धा, "किती झालं रे रणजित?" मला पप्पांच्या हातातला तो फोन नाल्यात टाकावासा वाटला. पुढच्या महिन्याची मंजुरी आली. मम्मी गुरुवारी सांगलीला गेली, आणि आत्यानं पाडलेला खड्डा मुल्लामॅडमनी तासाभरात थोडासा बुजवून तिला परत पाठवलं. आम्ही पैसे देत नव्हतो ना, मग आम्ही मम्मीच देत होतो, दर महिन्याला थोडी थोडी.

"तिला सांगूया," मी पप्पांना म्हणाले.

"सांगितलं तर ती जायचीच बंद होईल, ओजू. माझ्यामुळे घरात असं होतंय म्हणेल. ओळखतेस ना तिला?"

"मग आत्याला तरी थांबवा."

"मग फी कुठनं आणू?"

असेच आणखी दोन महिने गेले. पुढची महिनाअखेर आली आणि आकडा पुन्हा घसरला, तेव्हा मला सरांचं वाक्य आठवलं. टिकलीला आग दिसत नाही! मग दुःखच कशाला हवं? धूरच काढायचा ना, तर दुसरं काहीतरी जाळू. आणि किळस या विषयात माझा हात कुणी धरू शकत नाही.

मी पप्पा आणि आत्याला म्हणाले, "आजचा दिवस माझा. तुम्ही दोघांनी एक शब्द बोलायचा नाही."

न्हाणीघराच्या मोरीची जाळी मी हातांनी उघडली. आत कित्येक महिन्यांचा केसांचा बोळा होता, साबणाच्या पांढऱ्या लिबलिबीत भिजलेला, आणि त्याला असा वास की मेलेल्या घुशीनं नाक धरावं. तो मी चिमट्यात धरून मम्मीच्या नाकासमोर नेला. "मम्मी, हे बघ काय सापडलं. यात तुझे केस पण आहेत."

"ईऽऽ! ओजू! टाक ते! टाक आधी!"

"थांब, यात काहीतरी हलतंय."

मम्मीला उमासा आला. डोळ्यांतून पाणी आलं. दाराआडून पप्पा: "अठ्ठावन्न!"

मी तर नाचायचीच बाकी होते. ना टोमणा, ना सळई, ना रडारड, नुसती स्वच्छ निर्मळ किळस! आणि तेवढ्यात बोळ्याचा एक गुळगुळीत तुकडा निसटून माझ्याच पायावर पडला, मी किंचाळत पलंगावर चढले आणि मम्मी हसायला लागली. अशी हसली की तिला बसावं लागलं. कितीतरी महिन्यांनी तिचं ते जुनं, हॉलच्या मागच्या रांगेपर्यंत जाणारं हसू मी ऐकलं. "शाळेत मोठी लीडर म्हणे, आणि केसांना भिते!" ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

पप्पा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी फोन मला दाखवला. एकोणतीस.

मम्मीला वाटलं ते तिच्या हसण्याकडे बघून असे उभे आहेत. "अहो, बघा ना तुमची पोरगी," ती म्हणाली. पप्पांनी मान हलवली आणि आत निघून गेले. बायको हसली म्हणून नवऱ्याचा चेहरा पडला. असलं घर असतं का कुठं?

शेवटच्या दिवशी दुपारी आत्या आली. तिच्या चेहऱ्यावर ठरवून आलेल्या माणसाची शांतता होती. मम्मी तांदूळ निवडत होती. आत्यानं स्वतःचा फोन डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला, कुणाला काही कळायच्या आत त्यावरचा व्हिडिओ चालू केला, आणि स्वयंपाकघरात मम्मीचाच आवाज घुमला. आनंदी, खणखणीत. "या, आणखी या, वर या, जागा भरपूर आहे!" मग बायकांचं हसणं. मग लाकडाचा तो आवाज. मग बाकीचं.

मी धावत जाऊन फोन पालथा घातला. पण उशीर झाला होता. मम्मी रडली नाही, ओरडली नाही. ताटातले तांदूळ तिनं नीट बाजूला सारले, उठली, भिंतीला धरत न्हाणीघरात गेली. आणि मग आम्हाला तिच्या ओकण्याचा आवाज यायला लागला.

"एक्क्याण्णव," पप्पा कुजबुजले. सरासरी वर गेली होती. लगेच फोन वाजला. कंपनीचा तो गोड, बाईचा, कुणाचाच नसलेला आवाज: "नमस्कार. स्नेहल चौगुले यांचा त्रास मंजूर झाला आहे. विशेष तीव्रतेमुळे पुढील तीन महिने उपचार सुरू राहतील. अभिनंदन!"

"तीन महिनं!" आत्यानं टाळी वाजवली. "बघितलंस? एका दणक्यात!"

आणि पप्पांनीही वाजवली. एकच, अर्धवट, सवयीनं वाजते तशी. मी त्यांच्याकडे बघितलं तसे त्यांनी हात मागे घेतले. न्हाणीघरात मम्मी ओकत होती आणि बाहेर आम्ही टाळ्या वाजवत होतो. घुशीच्या वासाचा तो बोळा याच्यापुढे मोगऱ्याचा गजरा होता.

मम्मी दारात उभी होती. तिनं तोंडावर पाणी मारलं होतं. "कसली टाळी?" तिनं विचारलं.

पप्पांनी फोन पाठीमागे लपवला.

"काय मंजूर झालं?"

पप्पा म्हणाले, "काही नाही गं, ऑफिसचं—"

"मी सांगते," मी म्हणाले. आणि मी सगळं सांगितलं. आकडा, पन्नास, तीन दिवस, पप्पांचं मीठ, आत्याचे टोमणे, माझा बोळा. मला वाटलं ती कोसळेल. तिनं फक्त एकच गोष्ट विचारली. "म्हणजे मी हसले तेव्हा?"

"एकोणतीस आला होता."

मग कानामागे हात नेऊन तिनं टिकली ओढली. सुयांनी कातडी थोडी सोलली. टिकली तिनं ओट्यावर टाकली.

"अगं बया, काय केलंस!" आत्या धावली. "गार झाली की बंद पडती ती! आत्ता मिळालंय, आत्ता घालवतीस व्हय?" आणि टिकली गार पडू नये म्हणून तिनं ती उचलली आणि स्वतःच्या कानामागे दाबून बसवली. "घे, राहू दे माझ्या अंगावर. तू शांत हो, मग लाव."

पप्पांच्या हातातला फोन उजळला. त्यांनी पाहिलं आणि पाहतच राहिले. मी वाकून बघितलं.

चौदा.

चौदा म्हणजे काय ते मला माहीत होतं. कांबळे सरांनी तक्ता दाखवला होता. दूध पिऊन झोपलेल्या तान्ह्या बाळाचा त्रासांक चौदा असतो. आत्ता, या क्षणी, एका बाईला ओकायला लावून, तिच्यासमोर उभं राहून, माझी आत्या आतून तितकी शांत होती. ती नाटक करत नव्हती, आमच्यासाठी काही सोसतही नव्हती. आम्ही तिला फक्त परवानगी दिली होती.

पाच मिनिटं झाली असतील नसतील, कंपनीचा आवाज परत आला, तितकाच गोड: "अभिनंदन! स्नेहल चौगुले यांच्या प्रकृतीत असाधारण सुधारणा आढळली आहे. मंजुरी रद्द करून उपचार पूर्ण झाल्याची नोंद करत आहोत. आपल्या आनंदी आयुष्यासाठी शुभेच्छा!"

"आता?" आत्या म्हणाली. "आता काय करायचं? मुल्लाबाईची फी भरायची ऐपत हाय का आपली?"

"किती आहे फी?" मी विचारलं.

पप्पा आत्याकडे बघायला लागले.

"पप्पा, किती आहे?"

"मला काय माहीत? डॉक्टरला भाव विचारतात का?"

म्हणजे हे सगळं आम्ही एका आकड्याच्या भीतीनं केलं होतं, आणि तो आकडा कुणाला माहीतच नव्हता! मी मम्मीचा फोन उचलला, पण मम्मीनं तो माझ्या हातातून घेतला. तिचे हात कापत होते. रिंग वाजायला लागली तसे आणखी कापायला लागले. तिनं फोन ओट्यावर ठेवला, स्पीकर लावला आणि दोन्ही हातांनी ओट्याची कड घट्ट धरली.

"मॅडम, मी स्नेहल. कंपनीनं माझे उपचार बंद केले. मला यायचंय. फी किती?"

मुल्लामॅडमनी फी सांगितली. आत्यानं कपाळाला हात लावला.

"एवढी नाही जमायची," मम्मी म्हणाली. घसा खरवडल्यासारखा आवाज, पण वाक्य पूर्ण.

"किती जमेल?"

मम्मीनं पप्पांकडे न बघता आकडा सांगितला.

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "शनिवारच्या वेळा मी स्वतःहून येणाऱ्यांसाठी ठेवते, त्यांच्या ऐपतीप्रमाणे. दर शनिवारी नाही जमलं तर एक सोडून एक या. आणि तेही नाही जमलं तर सिव्हिलमध्ये मंगळवारी मी फुकट बसते, फक्त रांग असते."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" हे मी ओरडले. राहवलंच नाही.

"कंपनीच्या पेशंटशी फीबद्दल बोलायचं नाही असं लिहून घेतलंय आमच्याकडून," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलं असतं, तर मला सांगावं लागलं असतं. कुणी विचारतच नाही हो. लाजतात." मग त्यांनी विचारलं, "स्नेहलताई, आज तुमचा आवाज वेगळा येतोय. घरी काही झालंय का?"

"झालंय. येऊन सांगते."

"पहिल्या शनिवारी घरातल्या कुणाला तरी सोबत आणा. मला बोलायचंय त्यांच्याशीही. फी तेवढीच."

पप्पा पुढे झाले. काहीतरी बोलणार होते, पण आत्यानं त्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांना मागे सारलं. "मीच येते की," ती म्हणाली. "रणजितला कुठलं बोलायला जमतंय? मी सांगते सगळं मॅडमना, हिचं काय काय होतंय ते." तिच्या कानामागे टिकली अजून तशीच होती. पप्पांच्या फोनवर चौदाच होते.

मम्मी आत्याकडे वळली. ओट्याची कड सोडून तिनं आत्याच्या कानामागची टिकली अलगद काढली, घरातल्या पोराच्या अंगावरचा किडा काढावा तशी, आणि खरकट्याच्या बादलीत टाकली.

"नको, अक्का," ती म्हणाली. "माझ्याबरोबर हे येतील. तुम्ही तुमची वेगळी वेळ घ्या."

"मला काय झालंय?" आत्या म्हणाली.

"तेच विचारा त्यांना," मम्मी म्हणाली, आणि फोन तिच्यासमोर सरकवला. "लाजू नका. त्या अजून फोनवर आहेत."